चौऱ्याहत्तर किलोमीटर, फक्त दोघं

स्वतःच्या तोंडाने सांगायला संकोच वाटतो, पण प्रवासाचं प्लॅनिंग करावं तर मी! आइंडहोवनमधल्या कुठल्याही मराठी घरात विचारा. कुठल्या स्टेशनवर गाडी बदलायला किती मिनिटं मिळतात, कुठल्या कॅफेत काही न घेताही टॉयलेट वापरू देतात, कुठल्या तळ्याकाठची बाकं दुपारी दोननंतर सावलीत येतात, हे सगळं माझ्या लॅपटॉपमध्ये नीट लावून ठेवलेलं असतं. ऑफिसात मी चिप बनवणाऱ्या मशीनचं अलाइनमेंट बघतो. केसाच्या जाडीचा दहाहजारावा भाग इकडचा तिकडे झाला तरी आमच्याकडे बोंबाबोंब होते. अशा माणसाला दोन दिवसांची सायकल ट्रिप आखायची म्हणजे डाव्या हातचा मळ. निदान जानेवारीत तरी माझं असं मत होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी सुमेधा, म्हणजे माझी बायको, चहाचा कप घेऊन समोर येऊन बसली आणि म्हणाली, "मेमध्ये आपल्या लग्नाला पंधरा वर्षं होतील. या देशात येऊन अकरा झाली. या अकरा वर्षांत आपण दोघंच असे कुठे गेलोय, आठवून सांग."

मी आठवायला लागलो. पॅरिसला यतीनचं कुटुंब बरोबर होतं. स्वित्झर्लंडला माझे आईवडील, मावशी आणि मावशीचे दीर. ट्युलिप तर दरवर्षी नव्या पाहुण्यांबरोबर बघतो. ती फुलं आता मला ओळखत असतील. शेवटी मी म्हणालो, "नोव्हेंबरमध्ये कपाट आणायला आपण दोघंच गेलो होतो की."

तिने चहाचा कप बाजूला ठेवला. मग तिने फोनवर एक फोटो दाखवला. मास नदीच्या काठाने पूर्वी एक रेल्वे धावायची. ती बंद पडली, रूळ उखडले आणि त्या जागी सायकलींसाठी गुळगुळीत रस्ता केला. चौऱ्याहत्तर किलोमीटर. नदी सतत उजव्या हाताला. अर्ध्या वाटेवर एक जुनं स्टेशन आहे, त्याचं आता सहा खोल्यांचं हॉटेल झालंय, आणि त्यातल्या एका खोलीला नदीकडे उघडणारी बाल्कनी आहे.

"दोन दिवस," सुमेधा म्हणाली. "फक्त आपण दोघं. तू पाहिजे तसं प्लॅन कर. पण फक्त दोघं."

तिने 'फक्त दोघं' दोनदा म्हटलं होतं. हे मला नंतर आठवलं, किंबहुना त्याची आठवण करून देण्यात आली.

मी त्याच संध्याकाळी एक्सेल उघडलं. बाल्कनीवाली खोली बुक केली. नऊ शीट केली. एक अंतरांचं, एक खाण्याचं, एक पंक्चरचं, आणि एक आख्खं शीट वाऱ्याचं, कारण या देशात चढ नाहीत त्याचा सगळा सूड वारा उगवतो. गेल्या दहा वर्षांचे मे महिन्यातले वारे तपासून मी दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचं ठरवलं, म्हणजे वारा पाठीमागून लागेल. शीटवर माझंच मन जडलं. एकच गोष्ट राहिली. माणसांचं शीट मी केलंच नाही.

प्रश्न ऋजुताचा होता. ऋजुता आमची मुलगी, वय बारा. तिला दोन दिवस कुणाकडे तरी ठेवायला हवं होतं, आणि कुणाकडे म्हणजे यतीनकडे, हे उघड होतं. यतीन माझ्याच ऑफिसात आहे, दोन गल्ल्या सोडून राहतो, त्याच्या दोन्ही मुली ऋजुताच्या मैत्रिणी आहेत. मी गेलो, ट्रिपचं सांगितलं, ऋजुताचं विचारलं. तो लगेच हो म्हणाला. त्याची बायको भार्गवीही हो म्हणाली. काम झालं होतं. मी उठलो, बूट घातले आणि दारात उभा राहून म्हणालो, "खरं तर तुम्हीही चला ना."

आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. आपण एखाद्याच्या घरी पोर ठेवून मजा करायला जाणार आणि त्याला 'चल' असंही म्हणायचं नाही? आपल्याकडे काय होतं, आपण 'चला ना' म्हणतो. समोरचा 'छे छे, तुम्ही जाऊन या' म्हणतो. आपण पुन्हा म्हणतो, तो पुन्हा नाही म्हणतो. तिसऱ्यांदा कुणी म्हटलंच तर ते खरं समजायचं. नाही तर दोघंही समाधानाने आपापल्या घरी. शेकडो वर्षं हे असं बिनबोभाट चालू आहे.

यतीनने पहिल्याच खेपेला स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "भार्गवी, ऐकलंस का? यशोधन आपल्याला सायकल ट्रिपला नेतोय."

दहा वर्षं नेदरलँड्समध्ये राहून माणूस बिघडतो, तो असा!

घरी आल्यावर सुमेधाने विचारलं, ठेवणार का ते ऋजुताला. मी म्हणालो, ऋजुताची सोय झाली. ते खोटं नव्हतं. फक्त सोय सायकलवर झाली होती. बाकीचं सांगायचं मी पुढे ढकललं, कारण मे महिना लांब होता आणि लोक गळतात असा माझा अनुभव आहे.

दुसरी शेजारीण. योके तिचं नाव. पासष्ट वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली, अंगाने काटक. आमचं मांजर दोन दिवस बघाल का, एवढंच विचारायला मी तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, बघेन. वर तिने रस्ता कुठला, किती किलोमीटर, अशी आपुलकीने चौकशी केली, आणि त्या आपुलकीने माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं की, तुम्हीही या की आमच्याबरोबर. योके आत गेली. मला वाटलं, बिस्किटं आणायला गेली असेल. ती डायरी घेऊन बाहेर आली. मे महिन्याचं पान काढलं, दोन्ही दिवसांवर पेनाने रेघ मारली, त्यावर माझं नाव लिहिलं आणि म्हणाली, "छान. किती वाजता निघायचं?"

डच माणसाच्या डायरीत एकदा गेलेली गोष्ट तुमचे-माझे वंशज खोडू शकणार नाहीत.

मांजरासाठी योकेनेच तिची भाची मिळवून दिली. ती मात्र येणार नव्हती. मी तिला विचारलं नव्हतं, कारण ती भेटलीच नाही.

तिसरे दामोदरराव. हे रॉटरडॅमला एका शिपिंग कंपनीत आहेत आणि मराठी मंडळाच्या कामात आमच्या सगळ्यांत वडीलधारे. पाडव्याच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत ते माझ्या पुढे उभे होते. यतीन मागून येऊन मोठ्याने सायकलींच्या टायरबद्दल बोलायला लागला. दामोदरराव वळले, हातातलं ताट छातीशी धरलं आणि दुखावल्या आवाजात म्हणाले की, एवढा कार्यक्रम ठरला आणि आम्हाला कुणी काही बोललं नाही. आता मागे चाळीस माणसं ताटं घेऊन उभी आहेत, पुढे वडीलधारा माणूस दुखावलाय, अशा वेळी सभ्य माणूस काय म्हणेल? मी म्हणालो, "असं कसं होईल? तुम्हाला धरूनच तर प्लॅन केलाय."

दामोदररावांना धरायचं म्हणजे पाच माणसं धरायची. ते, सुनीतीवहिनी, दोन मुलं, आणि सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेल्या त्यांच्या आई, कुमुदिनीकाकू. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. सायकल चालवण्याचा प्रश्नच नव्हता. मला आशेचा किरण दिसला. पण दामोदररावांनी त्याच आठवड्यात पुढे लाकडी खोकं असलेली ती इथली सायकल भाड्याने ठरवली, ज्यात लोक लहान मुलांना शाळेत सोडतात. काकूंना त्यात उशी टाकून बसवायचं ठरलं. काकू खूश होत्या. सांगलीत त्यांनी सगळ्यांना फोन करून कळवलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सुमेधा सोफ्यावर बसली होती आणि तिचा फोन वाजला. यतीनने तिला एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतलं होतं. ग्रुपचं नाव 'दोन दिवस, दोन चाकं'. सभासद नऊ. पहिला मेसेज भार्गवीचा होता, 'पुऱ्या कोण करणार?'

सुमेधाने तो ग्रुप वरपासून खालपर्यंत वाचला. मी कुंडीला पाणी घालत होतो. कुंडी भरून पाणी जमिनीवर आलं तरी मी घालतच होतो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन शांतपणे टेबलावर ठेवला. "मी एक मागितलं होतं," ती म्हणाली. "पंधरा वर्षांत एक. आणि तुला ते देताही येत होतं."

ऋजुता जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिने मान हलवली. "बाबा, जस्ट से नो," ती म्हणाली आणि वर निघून गेली. इथे वाढलेल्या मुलांना जगाची काही कल्पनाच नसते.

सुमेधाची अट साधी होती. तू बोलावलंस, तूच परत पाठव. मी कबूल केलं. मला खरंच वाईट वाटत होतं. तिचा चेहरा बघवत नव्हता, आणि मी ठरवलं की काही झालं तरी ही ट्रिप आमच्या दोघांचीच होणार. फक्त कुणालाही 'येऊ नका' असं न म्हणता.

आधी मी अंतराचा बागुलबुवा केला. ग्रुपवर लिहिलं की रोज सदतीस किलोमीटर आहेत, वारा प्रचंड असतो, सवय नसलेल्याने विचार करावा. यतीनने बॅटरीवाली सायकल विकत घेतली. मग मी राहण्याची अडचण सांगितली, की हॉटेलात सहाच खोल्या आणि सगळ्या भरल्या. त्यावर भार्गवीने तासाभरात नदीकाठचं एक शेतघर शोधून काढलं. सोळा पलंग, एकावर एक, मोठं स्वयंपाकघर. पैसे भरून टाकलेत, तुम्ही तिघंही हॉटेल सोडून इकडेच या, असं तिने वर प्रेमाने लिहिलं. मग मी पावसाची भीती घातली. योके दारात येऊन सांगून गेली की, माणूस काही साखरेचा बनलेला नसतो.

मी जो जो दगड वाटेत टाकत होतो, त्याची ही मंडळी पायरी करत होती.

शेवटी ट्रिपला आठ दिवस उरले. मी निर्वाणीचा उपाय केला. ग्रुपवर लिहिलं, सुमेधाची पाठ धरली आहे, आम्ही दोघं येऊ शकत नाही, ऋजुताला तेवढं घेऊन जा, तुम्ही सगळे जरूर आनंद लुटा. सुमेधाला हे पसंत नव्हतं. पण ते सगळे शनिवारी पुढे गेले की आपण रविवारी-सोमवारी सुट्टी टाकून दोघंच जाऊ, हॉटेलची खोली एक दिवस पुढे सरकवू, असं मी समजावलं. हॉटेलवाले सरकवायला तयारही होते. पहिल्यांदाच माझ्या मनासारखं काही घडत होतं.

मी एक विसरलो. आपल्याकडे आजारी माणसाला एकटं सोडत नाहीत.

संध्याकाळी पाचला भार्गवी मऊ भात घेऊन आली. सहाला योके फुलं घेऊन आली. सातला रॉटरडॅमहून, शंभर किलोमीटर गाडी चालवत, दामोदरराव, सुनीतीवहिनी आणि काकू तिघं आले. सुमेधाला मे महिन्याच्या उकाड्यात गरम पाण्याची पिशवी देऊन मी पलंगावर झोपवलं होतं. ती माझ्याकडे बघत होती ते मला आजही आठवतं. आणि सुनीतीवहिनी फिजिओथेरपिस्ट आहेत, हे मला आठवायला हवं होतं, ते मात्र आठवलं नव्हतं.

वहिनींनी सुमेधाला पालथं केलं. मणका मणका दाबून पाहिला. पाय उचलून पाहिले. काकू पायथ्याशी बसून तेलाची बाटली हातात धरून तयार होत्या. दहा मिनिटांनी वहिनी हात धुऊन आल्या आणि सगळ्यांसमोर निदान केलं की, काहीही झालेलं नाही, एका जागी बसून पाठ आखडली आहे, आणि यावर सायकलीसारखं दुसरं औषध नाही. झोपून राहिली तर मात्र वाढेल. सगळ्यांना इतका आनंद झाला की यतीनला फोन लावून कळवण्यात आलं.

ते सगळे खाली चहाला बसले असताना योके स्वयंपाकघरात माझ्यामागून आली. तिला आमचं मराठी कळत नाही, पण शाळेत चाळीस वर्षं शिकवल्यामुळे खोटं बोलणारा मुलगा तिला पाठीवरून ओळखू येतो.

"एक सरळ विचारते," ती म्हणाली. "आम्ही यावं असं तुम्हाला वाटतंय का? नाही असेल तर नाही सांगा. मी डायरीतून काढून टाकते."

देवाने स्वतः येऊन दार उघडून धरलं होतं. पलीकडे बाल्कनी होती, नदी होती, सुमेधा होती. मला फक्त एक शब्द बोलायचा होता, आणि तोही हॉलंडमध्ये, जिथे त्या शब्दाचं कुणाला काही वाटत नाही.

"छे हो, असं कसं," मी म्हणालो. "तुम्ही नाही आलात तर आम्हाला करमणार नाही."

शनिवारी सकाळी आम्ही तेरा जण निघालो. सुमेधाने माझ्याशी एकच तडजोड केली होती. दिवसा सगळ्यांबरोबर चालवायची, पण संध्याकाळी ऋजुता शेतघरात इतरांबरोबर राहील आणि आपण दोघं हॉटेलात. निदान एक संध्याकाळ. मी म्हणालो, वचन.

मी प्रत्येक तासाचं वेळापत्रक छापून तेरा प्रती वाटल्या होत्या. काकूंनी त्यांच्या प्रतीत चिवडा बांधला. पहिल्या किलोमीटरला दामोदरराव थांबले, कारण काकूंची उशी सरकली. दुसऱ्याला यतीन थांबला, कारण नव्या सायकलची बॅटरी चार्जिंगला घरीच राहिल्याचं त्याला तेव्हा कळलं. तिसऱ्याला एक बाक दिसलं आणि भार्गवीने पुऱ्या काढल्या. त्या अरुंद रस्त्यावर आम्ही तेरा जण आडवे पसरलो की मागून घट्ट कपडे घातलेले डच सायकलवाले घंटा वाजवत यायचे. आम्ही बाजूला व्हायचो, आणि जाताना यतीन त्यांना पुरी विचारायचा. दोघांनी घेतली.

नदी उजव्या हाताला होती. मला ती पाहिल्याचं आठवत नाही. मी सतत मागे वळून माणसं मोजत होतो. सुमेधा पुढे होती. मधूनमधून ती थांबायची, मी येतोय का बघायची, आणि मी म्हणायचो, "एक मिनिट, काकूंना पाणी देऊन आलो." असं एक मिनिट किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. तिने मोजलं असावं.

दुपारचे चार वाजले तेव्हा आम्ही अकरा किलोमीटर आलो होतो. माझ्या वेळापत्रकाप्रमाणे आम्ही त्या वेळी हॉटेलच्या बाल्कनीत असायला हवं होतं.

तिथे नदीला एक वळण होतं, चार पॉप्लरची झाडं होती. सुमेधाने सायकल उभी केली आणि म्हणाली, "आता आपण दोघं पुढे जाऊ. अजून सव्वीस किलोमीटर आहेत. आत्ता निघालो तर उजेडात पोचू."

माझ्या हातात थर्मास होता. काकूंचा कप भरून झाला होता, दामोदररावांचा अर्धा झाला होता, योके आणि वहिनी कप पुढे करून उभ्या होत्या. मी म्हणालो, "हो, निघू या. एवढा चहा देतो सगळ्यांना."

सुमेधाने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, हेच मला लागलं. "तू दे चहा," ती म्हणाली. "मी पुढे होते."

ती निघाली. मी जायला हवं होतं, हे मला त्याही क्षणी कळत होतं. पण भरता भरता कप सोडून कसं जायचं? नऊ जणांचा चहा झाला, मग बिस्किटं झाली, मग काकूंनी माझ्यासाठी कप भरला आणि आग्रह केला. मी वर पाहिलं तेव्हा सुमेधा दिसेनाशी झाली होती.

मी फोन केला. उचलला नाही. थोड्या वेळाने मेसेज आला. 'आज नको येऊस. उद्या सकाळी अकराला ये. एकटा.'

त्या दिवशी मी शेतघरात राहिलो. वरचा पलंग रिकामा होता, तो मला मिळाला. खाली यतीन. जेवणं झाली, सगळे आपापल्या पलंगावर टेकले, मी तो मेसेज पुन्हा वाचत होतो. यतीन उठून उभा राहिला आणि त्याने तो माझ्या खांद्यावरून वाचला. अशा गोष्टींचं त्याला काही वाटत नाही.

"अकराला ना?" तो म्हणाला. "आपण सगळेच आठला निघू. वाटेतच आहे ते हॉटेल."

ओठांवर 'हो, चला ना' तयार होतं. ते मी गिळलं. चाळीस वर्षांच्या आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं.

"नको," मी म्हणालो. "तुम्ही येऊ नका. मला सुमेधाबरोबर एकट्याला जायचंय. खरं तर पहिल्यापासून आम्हाला दोघांनाच यायचं होतं."

माझे कान तापले. आता मैत्री तुटणार, भार्गवी बोलणं टाकणार, मंडळात चर्चा होणार, असं सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे येऊन गेलं.

"बरं," यतीन म्हणाला. "आधी सांगायचंस ना. आम्ही मुलींना घेऊन वाखनिंगनला भार्गवीच्या बहिणीकडे गेलो असतो. ती कधीची बोलावतेय." आणि त्याने चादर ओढून घेतली.

एवढंच! जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मी ज्याच्या भीतीने झोपलो नव्हतो, ते एका 'बरं'मध्ये आटोपलं.

सकाळी सातला मी निघालो. ऋजुताचा निरोप घेतला, तिने अंगठा वर केला. अठरा किलोमीटर राहिले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा इतकी जोरात सायकल चालवली. हॉटेलजवळ फार लवकर पोचलो, म्हणून पुढे जाऊन एका पुलावर बसून राहिलो, आणि बरोबर अकराला, एकटा, त्या जुन्या स्टेशनच्या फलाटावर हजर झालो. सुमेधा तिथे खुर्ची टाकून बसली होती. समोर कॉफी, मांडीवर पालथं पुस्तक, पाय दुसऱ्या खुर्चीवर. तिचा चेहरा इतका निवांत मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मी माफी मागितली. आढेवेढे न घेता, सरळ. यतीनला नाही म्हणालो तेही सांगितलं. ती मनापासून हसली, माझा हात हातात घेतला. म्हणाली, चांगलं केलंस.

"काल मी बाल्कनीत बसून जेवले," ती म्हणाली. "जेवण गार झालं तरी वाचत बसले. कुणाला काय हवंय ते बघायचं नव्हतं. मला वाटत होतं मला तू हवा आहेस. काल कळलं की मला कुणीच नको होतं. रागावू नकोस हं. खूप बरं वाटलं, एवढंच."

मी रागावलो नाही. थोडा ओशाळलो. तिने कॉफी संपवली, पिशवी सायकलला अडकवली, आणि सायकलवर बसता बसता वळून म्हणाली, "अजून सदतीस किलोमीटर आहेत. तू येतोस? ये ना."

हा खरा आग्रह होता की तोंडदेखला, देव जाणे. पण पहिल्याच खेपेला हो म्हणायचं नसतं, हे माझ्या अंगात मुरलेलं. तिला मोकळीक द्यावी, मग तिने पुन्हा म्हणावं, मग मी 'बघ हं, चालेल ना तुला' म्हणावं आणि तिसऱ्या खेपेला दोघांनी निघावं, असा साधा विचार करून मी म्हणालो, "नको, तू जा निवांत. माझं काय, मी येईन मागून."

"बरं," सुमेधा म्हणाली आणि निघाली.

रेल्वेचा रस्ता, म्हणजे अगदी सरळ. त्यामुळे ती मला पुढची वीस मिनिटं व्यवस्थित दिसत होती.